मुलाच्या रक्तात शिसं निघालं. शाळेला सांगू का?

पत्राचा सारांश: पत्र एका वडिलांचं आहे. ते जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वेगळं करण्याच्या कामावर आहेत. मोठा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. दुसरीपर्यंत ठीक चाललं होतं. आता सांगितलेलं विसरतो, आज आलेला पाढा उद्या येत नाही, वर्गात चुळबुळ करतो, गणित अर्धं सोडून भलतीकडेच बघत बसतो. बाई म्हणतात, 'लक्ष देत नाही.' घरी आधी रागावून झालं, मग मारूनही झालं. कामावरच्या एकाच्या सांगण्यावरून रक्त तपासलं, तर शिसं डेसिलिटरमागे १४ मायक्रोग्रॅम निघालं. शिशानं मेंदूचं केलेलं नुकसान भरून येत नाही, असं वडिलांनी मोबाइलवर वाचलं आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. 'मीच घरात विष आणलं,' असं ते लिहितात. शाळेला कळवू नये, पोरावर शिक्का बसेल, असं पत्नीचं म्हणणं. त्यांचे प्रश्न चार: शाळेला सांगावं का? मुलाला याच वर्गात आणखी एक वर्ष ठेवावं का? अंगातलं शिसं काढणारं औषध द्यावं का? काम सोडावं का? पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: 'धाकटी दीड वर्षाची आहे, ती चलाख आहे, तिचं काही नाही.'

नमस्कार,

तुमचे चारही प्रश्न घेते, पण आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल. धाकटीचं रक्त याच आठवड्यात तपासून घ्या.

ती चलाख आहे यात शंका नाही, पण या पातळीवरचं शिसं बहुतेक वेळा बाहेर काहीच दाखवत नाही. ताप येत नाही, पोट दुखत नाही, खेळणं थांबत नाही. तुमच्या मुलाच्या रक्तात १४ आहे याचा अर्थ शिसं घरापर्यंत पोचत असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या घरात जमिनीच्या सगळ्यात जवळ तुमची मुलगी आहे. ती फरशीवर बसते, हाताला लागेल ते तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शरीरात शोषला जातो, लहान मुलांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाऊ शकतं. रक्तातल्या शिशाचा आकडा बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यानच सगळ्यात वर असतो, आणि मेंदूतले धागे सगळ्यात वेगानं जुळतात तेही याच काळात. शिसं तिथं घुसतं ते कॅल्शियमच्या ओळखपत्रावर. शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेतं आणि पेशी एकमेकींना निरोप देतात त्या कामातच ते ढवळाढवळ करतं. मुलाबद्दलची तुमची काळजी योग्यच आहे, पण घड्याळ धाकटीचं चालू आहे.

तपासणीबद्दल एक बारकावा. बोटाला टोचून काढलेल्या थेंबात कातडीवरची धूळही मिसळू शकते, त्यामुळे तसा आकडा वर आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करून घ्यावी लागते. मुलाचा १४ हा आकडा बोटातल्या थेंबावरचा असेल तर त्याचीही तशी तपासणी करा. तुमची स्वतःचीही करा. घरात सगळ्यात जास्त शिसं बहुधा तुमच्याच अंगात असेल, आणि पत्रात त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. तुमच्या पत्नीला दिवस गेले असतील किंवा पुढे तसा विचार असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण शिसं वारेतून बाळापर्यंत जातं.

आता ते घरात येतं कसं, याबद्दल. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात जॉन लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञानं सांगितलं होतं की मुलांना शिशाची विषबाधा होते ती व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या रंगाच्या भुकटीमुळे: हात कठड्याला लागतो आणि मग तोंडात जातो. म्हणजे मार्ग शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. तुमच्याकडे कठड्याच्या जागी तुमचा शर्ट आहे. शर्ट, चपला, केस, गाडीची सीट, मोबाइल. हो, मोबाइल, दिवसभर त्याच हातांनी धरलेला आणि घरी आल्याबरोबर पोरांच्या हातात जाणारा.

तेव्हा कामाचे कपडे आणि चपला कामावरच ठेवायच्या, तिथेच आंघोळ करून दुसरे कपडे घालून निघायचं. तिथं आंघोळीची सोय नसेल तर निदान हात, तोंड, मान साबणानं धुवून कपडे बदलायचे, आणि घरी आल्यावर मुलीला उचलण्याआधी डोक्यावरून आंघोळ करायची. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर भिजवायचे नाहीत, घरात झटकायचे तर नाहीतच. कामाच्या जागी बसून डबा खायचा नाही, विडी-सिगारेट ओढायची नाही. घरी कोरड्या झाडूनं शिशाची धूळ फक्त उडून दुसरीकडे बसते, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. फरशी, खिडक्यांच्या कडा, मुलीची खेळणी. खाण्याआधी आणि झोपण्याआधी दोघांचे हात धुवायचे. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून मुलांना उपाशी शाळेत पाठवू नका. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तरी शिसं जास्त शोषलं जातं, तेव्हा दोघांचं हिमोग्लोबिन आणि लोह त्याच रक्तात तपासून घ्या. भंगाराचं किंवा वितळवण्याचं काहीही काम घरी किंवा घराच्या अंगणात होत असेल, तर ते आजच बंद. यात मधला मार्ग नाही.

'मीच विष आणलं' या वाक्याबद्दल थोडं. जिथं कामगारांना हात धुवायला नळ नाही, कपडे बदलायला आडोसा नाही आणि या धुळीचं काय होतं हे कुणी सांगत नाही, तिथं ती धूळ प्रत्येक कामगाराच्या घरी जाते. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं काढलेल्या अंदाजानुसार जगातल्या जवळजवळ ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, म्हणजे तीन मुलांमागे साधारण एक. बॅटऱ्यांचा असा उघड्यावरचा धंदा हे त्यात सांगितलेलं एक मोठं कारण. तुम्हाला जे ठाऊक नव्हतं ते आता ठाऊक झालं आहे. झोप उडवण्यापेक्षा उद्या कामावर जाताना पिशवीत जादा कपडे घाला.

मुलाकडे वळते. 'नुकसान भरून येत नाही' हे तुम्ही वाचलंत ते अगदीच खोटं नाही, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष फार पुढे गेला आहे. या विषयात वारंवार सांगितला जाणारा एक अभ्यास २००५ चा. वेगवेगळ्या ठिकाणच्या सात अभ्यासांतल्या १,३३३ मुलांची माहिती त्यात एकत्र केली होती. रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर गेलं की बुद्ध्यांक सरासरी ३.९ गुणांनी कमी दिसला. १० वरून २० वर गेलं की आणखी १.९; २० वरून ३० ला आणखी १.१. पहिले थोडे मायक्रोग्रॅमच सगळ्यात महाग पडतात, असं यातून दिसतं. म्हणूनच रिपोर्टच्या कडेला छापलेल्या 'नॉर्मल' मर्यादेवर विसंबू नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं ही सीमा १९९१ मध्ये १० ठरवली होती, २०१२ मध्ये ती ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली. ५ किंवा जास्त आकडा आला की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरक्षित म्हणावी अशी पातळी सापडलेलीच नाही.

पण हे आकडे हजाराहून जास्त मुलांच्या सरासरीचे आहेत. देशभरातल्या मुलांचे चार-पाच गुण गेले तर तो मोठा घाला आहे, धोरण आखणाऱ्यांची झोप त्यानं उडायला हवी. एका मुलाच्या बाबतीत मात्र चार-पाच गुणांचा फरक तीच चाचणी दोनदा घेतली तरी पडू शकतो. तुमच्या मुलाला किती फटका बसला, बसला का, हे १४ या आकड्यावरून कुणीही सांगू शकत नाही. शिवाय रक्तातला आकडा मुख्यतः गेल्या काही आठवड्या-महिन्यांचा असतो. तो दीड वर्षाचा असताना किती होता, हे आता कळणार नाही, त्यामुळे त्याचा हिशोब मांडत बसू नका.

बाईंची तक्रार मात्र मला फार महत्त्वाची वाटते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी बॉस्टनजवळच्या शाळांमधल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यातलं शिसं मोजलं. शिक्षकांकडून मुलांच्या वागण्याबद्दल प्रश्नावली भरून घेतली. कुणाच्या दातात किती शिसं आहे हे शिक्षकांना माहीत नव्हतं. दातातलं शिसं जसं वाढत गेलं, तसं 'लक्ष उडतं', 'हातातलं काम टिकवत नाही', 'साधी सूचना पाळता येत नाही', 'तंद्रीत असतो' अशी उत्तरंही वाढत गेली. तुमच्या पत्रातल्या बाईंचे शब्द जवळपास हेच आहेत. बाईंना दिसतंय ते खरं आहे. त्याला त्या नाव देतात ते मात्र तपासून बघायला हवं. 'लक्ष देत नाही' आणि 'लक्ष टिकत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगितलेल्या तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, मनात आलं की लगेच न करणं, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं, ही सगळी कामं शिशामुळे कच्ची पडू शकतात, आणि मूल बाहेरून हट्टी किंवा आळशी दिसतं.

म्हणून मार आजपासून बंद. तो चूक आहेच, पण तुम्हाला पटावं म्हणून व्यवहाराचंही सांगते: भेदरलेल्या मुलाला जे येतं तेही आठवत नाही, आणि तुम्ही समजता की शिकवलेलं वाया गेलं.

दुसऱ्या टोकाला जाऊन सगळं खापर शिशावर फोडणंही तितकंच धोक्याचं आहे. शिसं अभ्यासावर काही वेगळी खूण सोडत नाही. चष्म्याचा नंबर, कान वाहून कमी झालेलं ऐकू येणं, अपुरी झोप, लोहाची कमतरता, वाचन किंवा गणितातली अध्ययन अक्षमता, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा हा विकार), या प्रत्येकातून तुम्ही लिहिलेलं चित्र दिसू शकतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. रिपोर्ट हातात आहे म्हणून त्या तपासायच्या राहून गेल्या, तर तो शिशानं केलेला दुसरा तोटा होईल. तेव्हा डोळे, कान, रक्त आणि मग बालविकास तज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्रज्ञाकडून शिकण्याच्या क्षमतांची तपासणी, या क्रमानं जा.

आता शाळेला सांगायचं का? तुमच्या पत्नीची भीती मला उगाच वाटत नाही. 'याच्या रक्तात शिसं आहे' हे वाक्य शिक्षकखोलीत फिरलं की मुलाकडून अपेक्षा कमी होतात आणि अपेक्षा कमी झाल्या की शिकवणंही कमी होतं. पण बाईंना काहीच सांगितलं नाही, तरी शिक्का बसतोच. तो आत्ताच बसला आहे: 'लक्ष न देणारा'. गप्प राहून तोच पक्का होतो.

मी असं करीन. वर्गशिक्षिकेला भेटायला दोघंही जा, एकटे जाऊ नका. आकडा सांगू नका, गरज सांगा. साधारण असं: 'बाई, त्याच्या तपासण्या चालू आहेत. एकदम तीन गोष्टी सांगितल्या की त्याला तिसरी लक्षात राहत नाही असं आमच्या ध्यानात आलंय. एका वेळी एक सांगाल का? फळ्याजवळ, खिडकीपासून लांब बसवाल का?' मोठं गणित पायऱ्यांमध्ये लिहून समोर ठेवणं, वीस उदाहरणांऐवजी आठ देऊन ती पूर्ण करून घेणं, मधे उठून वह्या वाटायला लावणं, जुनं दर आठवड्याला थोडं थोडं परत विचारणं, या गोष्टी कुठलीही बाई करू शकते आणि वर्गातल्या आणखी चार मुलांनाही त्यांचा उपयोग होतो. क्षमता तपासणीतून अक्षमता निघाली आणि परीक्षेत जादा वेळासारखी सवलत हवी असली, तर तज्ज्ञांचा अहवाल शाळेत द्यावा लागेल. तो द्या. त्यात मुलाला काय जमतं आणि कशानं जमतं हे लिहिलेलं असतं; रक्ताचा रिपोर्ट तेवढंही सांगत नाही.

एक अपवाद. शाळाच जर शिसं वितळवण्याच्या भट्ट्यांच्या आसपास असेल, किंवा तुमच्या सहकाऱ्यांची मुलंही तिथेच शिकत असतील, तर मैदानाची माती आणि बाकीच्या मुलांचं रक्त हा सगळ्यांचा प्रश्न होतो. तेव्हा एकट्यानं जाऊन आपल्या मुलाचं नाव पुढे करण्यापेक्षा चार पालक मिळून मुख्याध्यापकांकडे आणि सरकारी आरोग्य खात्याकडे जा.

घरी शिकवताना पंधरा मिनिटं, मग उठायचं, मग परत पंधरा मिनिटं. पाढा पाठ झाला म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी विचारा. विसरला तर शांतपणे सांगून टाका आणि परत विचारा. यात चमत्कार नाही, पण लक्षात ठेवण्याचं काम कच्चं असलेल्या मुलाला हाच रियाज लागतो. अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या परिसरात १० च्या वर दोनदा आकडा आलेल्या मुलांना घराची पाहणी, आहाराचा सल्ला, वैद्यकीय पाठपुरावा अशी मदत मिळत असे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की अशी मदत मिळालेल्या मुलांचं पुढचं वागणं आणि अभ्यास, दुसरा आकडा थोडक्यात खाली आल्यामुळे मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा चांगला होता. 'आता काय उपयोग' असं मनात येईल तेव्हा हे आठवा.

त्याच वर्गात ठेवण्याबद्दल थोडक्यात: नको. तीच पुस्तकं, त्याच पद्धतीनं, लहान मुलांच्या घोळक्यात, यातून त्याला काय मिळेल? पद्धत बदलली तर पाचवीत जाऊनही मागचं भरून काढता येतं. क्षमता तपासणीनंतर तज्ज्ञानं वेगळं काही सुचवलं तर तेव्हा विचार करा.

औषधाचं उत्तर त्याहून सोपं आहे. शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती साधारणपणे ४५ च्या पुढच्या आकड्यांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. त्याहून कमी आकड्यांवर ती देऊन बघितलेली आहेत. २० ते ४४ आकडा असलेल्या ७८० मुलांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सक्सिमर नावाच्या औषधानं रक्तातलं शिसं उतरलं, पण तीन वर्षांनी बुद्धीच्या आणि वागण्याच्या चाचण्यांत औषध घेतलेली आणि न घेतलेली मुलं सारखीच निघाली. १४ ला त्या वाटेला जाऊ नका. 'शरीरशुद्धी'च्या पुड्या विकणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका; अशा काही औषधांमध्ये शिसंच सापडलेलं आहे.

राहिलं काम. सोडा असं मी पटकन लिहिणार नाही. पगार थांबला की पहिली कात्री मुलांच्या ताटाला लागते, आणि या मुलांना पोटभर, लोह असलेलं अन्न हवं आहे. पण मुदत घाला. कपडे, आंघोळ, ओलं पुसणं हे सगळं काटेकोर करून तीन महिन्यांनी मुलाचं रक्त परत तपासा (डॉक्टर लवकर बोलावतील तर लवकर). रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडांत साठलेलं हळूहळू रक्तात येत राहतं, म्हणून आकडा सावकाश उतरतो. १४ चा ११ झाला तरी दिशा बरोबर आहे. दरम्यान सहकाऱ्यांना बरोबर घेऊन मालकाकडे नळ, साबण, कपडे बदलायची जागा आणि नीट बसणारे मास्क मागा. एकट्यानं मागितलं तर नखरे वाटतात. मालक हलला नाही आणि आकडाही हलला नाही, तर दुसरं काम शोधायला लागा. धाकटीचा आकडा मुलापेक्षा वर आला, तर तीन महिनेही थांबू नका.

आणि तुम्ही सगळं पाळूनही आकडा जागचा हलला नाही, तर शिसं दुसरीकडूनही येतंय असं समजा. भिंतीचा, दाराचा जुना, पोपडे सुटलेला रंग. भंगारातल्या धातूपासून ओतलेली अ‍ॅल्युमिनियमची भांडी, चमकदार झिलईची मातीची भांडी. डोळ्यांत घालायचा सुरमा. जुन्या नळांचं पाणी. ते उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं, म्हणून रात्रभर नळात साचलेलं आधी सोडून द्यायचं. रंग चढवलेले मसालेही बघा. बांगलादेशात हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग मिसळत होते, ते २०१९ मध्ये उघड झालं आणि कारवाई झाल्यावर ती भेसळ झपाट्यानं कमी झाली. यातलं तुमच्या घरी काय काय आहे त्याची यादी करून दुसऱ्या तपासणीला जाताना डॉक्टरांकडे न्या, आणि दोन्ही मुलांचे रिपोर्ट तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.